निळं चित्र आणि पाट्यावरचं वाटण

सगळ्यात आधी मावशी. उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत ज्यांची खानावळ आहे, त्या. नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय, "माझं नाव कुटं छापशील तर बघ." माझ्या चित्रांबद्दल कुणाला चार चांगले शब्द बोलायचे असतील तर ते मावशींच्या उजव्या खांद्याला उद्देशून बोलावेत. वाईट बोलायचं असेल तर मला बोलावं. मावशींना बोलू नये, त्यांच्या हातात कायम उलथनं असतं.

आता काय झालं ते.

मी वाशीमकडचा. शाळा नववीत सुटली. गणिताचा पेपर हातात आला की माझ्या पोटात गोळा यायचा, आणि तो इतका खरा असायचा की एकदा परीक्षेतून उठून मला थेट दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी पोट तपासलं, पेपर तपासला आणि वडिलांना म्हणाले, याला काहीतरी हाताचं काम द्या. गावचा एक माणूस कोल्हापुरात फौंड्रीत होता. त्याच्या ओळखीनं नव्वदीच्या शेवटी शेवटी मी इकडे आलो. वाटेत इतक्या गाड्या बदलल्या की कंडक्टर "कोल्हापूर" म्हणून ओरडला तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं, नक्की का? तो म्हणाला, "उतरा की पावणं, दुसरं कोल्हापूर कुटनं आणू?"

फौंड्रीत वितळलेलं लोखंड बघून माझा पोटातला गोळा परत आला. मग एका डीटीपीच्या दुकानात लागलो. आधी झाडलोट, मग कागद कापणं, मग मराठी टायपिंग. आमच्या दुकानात मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा. दिवसभर मी दुसऱ्यांची नावं जुळवायचो. चिरंजीव अमुक, सौभाग्यकांक्षिणी तमुक, खाली निमंत्रक म्हणून आख्खी भावकी, आणि कोपऱ्यात 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पाच-सहा पोरं. त्या पोरांना अजून दात आलेले नसायचे, पण नाव छापून यायचं. माझं नाव रेशनकार्डावर होतं आणि शाळेच्या दाखल्यावर होतं, आणि दाखला कुणाला दाखवायची वेळ येऊ नये म्हणून मी ट्रंकेच्या तळाशी, थंडीच्या कपड्यांखाली ठेवला होता. कोल्हापुरात थंडीचे कपडे काढावे लागत नाहीत, हे त्यात सोयीचं.

मालक कॉम्प्युटरचं एक मासिक घ्यायचे, त्याच्याबरोबर एक सीडी फुकट यायची. मालकांना त्या सीडीचा उपयोग एकच, टेबलाचा डुगडुगणारा पाय टेकवायला. त्यातली एक मी काढून लावली, आणि तिच्यात फ्रॅक्टल काढायचा प्रोग्रॅम निघाला.

फ्रॅक्टल म्हणजे काय हे मला आजही नीट सांगता येत नाही, करून दाखवता येतं. एक बारकं समीकरण असतं. त्याला एक आकडा द्यायचा. जे उत्तर येईल ते परत त्यालाच खायला घालायचं, परत उत्तर, परत घालायचं. असं पडद्यावरच्या एकेका ठिपक्यासाठी. ज्याचं उत्तर फुगत फुगत हाताबाहेर जाईल त्याला रंग, जे मुकाट्यानं जागेवर बसेल ते काळं. बास. एवढ्यावर पडद्यावर कोंब फुटतात, कोंबांना कोंब, शेपट्या, भोवरे, झालरी. झालरीच्या एखाद्या टोकावर चौकोन काढून ते मोठं केलं की आत पुन्हा तितकीच गर्दी. कुठे संपत नाही. मी पहिल्यांदा आत आत जात राहिलो तेव्हा एक गिऱ्हाईक अर्धा तास समोर पत्रिका घेऊन उभं होतं, आणि मालकांनी मला विचारलं, "पाताळात पोचलास का?"

त्या दिवसापासून रोज एक चित्र. व्यसन म्हणा. विडीला पैसे लागतात, याला नुसता वेळ लागायचा. पण वेळ फार लागायचा. तेव्हाची मशीनं ती, चित्र पडद्यावर वरून खाली एकेक ओळ उतरायचं, आणि नीट उतरवायचं तर अर्धा-अर्धा दिवस जायचा. दुकानातलं मशीन तसं अडकवून ठेवलं तर मालकांनी मलाच टेबलाच्या पायाखाली घातलं असतं. सुदैवानं एका दिवाळीला त्यांनी नवी मशीनं घेतली आणि बोनसऐवजी एक जुनं मला दिलं, सोबत एक थकलेला यूपीएस. मी ते हातगाडीवर घालून खोलीवर नेलं. खोलीमालकानं दारातच अडवलं. एक बल्ब, त्याच्या पलीकडे विजेचं काही चालणार नाही. हातगाडी गल्लीत, मॉनिटर उघड्यावर, आणि मी रडायच्या बेतात.

मी जेवायला मावशींच्या खानावळीतच होतो. पहिल्या दिवशी त्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, मग "जय भीम" म्हणाल्या आणि ताटात एक भाकरी जास्त टाकली. तेवढीच ओळख. आता त्या भाजी घेऊन गल्लीतून चालल्या होत्या, हातगाडीपाशी थांबल्या.

"काय हाय हे? टीव्ही?"

"कॉम्प्युटर आहे. चित्र बनवून राहिलो मी त्याच्यावर."

"राहिलायस कुटं, रस्त्यावर तर उभा हायस." वऱ्हाडी बोललं की त्या प्रत्येक वेळी हे म्हणतात, अजून. "आण तिकडं. कोपऱ्यात पाण्याच्या टाकीशेजारी ठेव. दोन माणसांची जागा जातीया, पर तू तरी कुटं माणसाएवढं जेवतोस."

अशा रीतीनं माझा कॉम्प्युटर खानावळीत बसला. सकाळी मावशींचा मिक्सर फिरून झाला की मी चित्र लावायचो आणि दुकानात जायचो. मिक्सर आणि कॉम्प्युटर एकदम चालू झाले की फ्यूज उडायचा, म्हणून हा क्रम. दुपारी पंगत बसायची तेव्हा चित्र पोटापर्यंत उतरलेलं असायचं. जेवणारे बहुतेक उद्यमनगरातले, लेथवाले, फौंड्रीवाले, काही कॉलेजची पोरं. त्यांना टीव्ही हवा होता, मिळालं हे. मग त्यांनी त्याचाच टीव्ही केला.

सगळ्यात मोठा आवाज गारगोटीच्या टर्नरचा. भला माणूस, पण कुजबुजला तरी शेजारच्या गल्लीत कळायचं.

"आज काय काढलंयस रं? गोम?"

"गोम न्हाय, माझ्या म्हेवणीची वेणी हाय," दुसरा कुणीतरी.

"लेका, काल बी हेच हुतं."

"काल डावीकडं शेपूट हुतं, आज उजवीकडं हाय. बघून जेव की मर्दा."

एकदा मावशींनी विचारलं हे होतं कसं. मी उत्तर परत गणितात घालायचं ते सांगितलं. त्यांनी भाकरी थापायची थांबवली. "म्हंजे उरलेलं परत त्यातच घालायचं? परत उरलं की परत?" आणि मग आवाज खाली आणून, "हे हितं कुणाला सांगू नगंस बाबा. लोकं माझ्या रश्श्यावर संशय घेतील. आमच्यात कालचं काल संपतंय."

पुरं झालेलं चित्र मी फ्लॉपीवर घ्यायचो आणि दुसऱ्या दिवशी दुकानात रद्दी पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर छापायचो. मग ते खानावळीच्या फळ्यावर लागायचं. फळ्यावर मावशी 'आज' असं लिहून खाली भाजी, आमटी, भात लिहायच्या, आणि त्याच्याखाली माझं चित्र. पाठीमागच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाची चुकलेली तारीख. आठवड्यातून दोनदा सायबर कॅफेत जाऊन साठलेली सगळी चित्रं मी एका जगभरच्या गटात टाकायचो. तिथे माझ्यासारखीच रोज फ्रॅक्टल काढणारी माणसं होती. ती इंग्रजीत लिहायची. 'ब्यूटिफुल' एवढं मला कळायचं, आणि मी 'थँक यू सर' लिहून लगेच खिडकी बंद करायचो. उत्तरात कुणी माझं शिक्षण विचारलं तर काय, या भीतीनं कॅफेच्या खुर्चीत माझी पाठ कधी टेकली नाही. बायकांनाही 'सर'च लिहीत होतो असं नंतर कळलं.

भानगड निळ्यावरून झाली. मला निळी चित्रं आवडायची. एका आठवड्यात मी सलग निळीच काढली, आणि शनिवारी मावशी माझ्यासमोर टोपलं घेऊन उभ्या राहिल्या.

"ह्या भाकरी उरल्या."

"मग?"

"निळं चित्र लावलं की उरत्यात. लाल लावलं की पुरत न्हाईत. तांबडं बघून माणसाला भूक लागतीया, निळं बघून वाटतंय आज काय दवाखान्यातलं जेवण हाय."

मी म्हणालो, "मावशी, तुम्ही तरी निळ्याला नाही म्हणू नका."

"निळा रंग माझ्या काळजात हाय," त्या म्हणाल्या. "पर ताटासमोर नको."

तेव्हापासून फळ्यावर लाल, तांबूस, मातकट. निळी मी पडदा बंद ठेवून चोरून काढायचो आणि थेट परदेशात पाठवायचो.

आणि बोलावणं आलं ते निळ्यालाच आलं. गटातले एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांच्या गावच्या वाचनालयात गटाचं प्रदर्शन भरवत होते. त्यांनी मला ई-मेलवर पत्र पाठवलं. मी ते छापून आणलं आणि आजऱ्याचा एक पॉलिटेक्निकवाला आमच्यात जेवायचा त्याच्याकडून वाचून घेतलं. त्याला इंग्रजी येत होतं असं नाही, पण न घाबरता वाचता येत होतं.

"निळं भोवऱ्याचं चित्र पायजे म्हणतोय. मोठं. भिंतीवर लावणार. खाली तुझं नाव छापणार."

"नाव?"

"व्हय. नाव, गाव, आनि तुझ्याविषयी चार ओळी."

टर्नर म्हणाला, "लिही की. खातो कमी, बोलतो त्याहून कमी, मधनंच दवाखान्यात जातो."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते माझ्यासाठी. मी इतक्या माणसांची नावं जुळवली होती, वेलबुट्टीत बसवली होती, वर मोराचं पीस लावून दिलं होतं. माझं नाव कुणी मागितलं नव्हतं. आणि मागितलं तेही अशा कामासाठी की ज्यात मला कुणी नापास केलेलं नव्हतं. ते चित्र गेलं नाही तर परत कुणी मागणार नाही, याची मला पक्की खात्री होती. वाईट गोष्टींबद्दल माझी खात्री नेहमी पक्की असते.

अडचण आकाराची. भिंतीवर लावायचं म्हणजे चित्र इतकं मोठं हवं होतं की माझ्या मशीनला ते उतरवायला तीन-चार दिवस लागणार होते, अखंड. मधे वीज गेली तर पहिल्यापासून. माझ्या फुकटच्या प्रोग्रॅमला अर्धवट काम जपून ठेवता यायचं नाही. यूपीएस वीसेक मिनिटं रेटायचा. आणि मिक्सर. दुकानात चालवावं तर मालक संध्याकाळी सगळं बंद करून कुलूप लावायचे. वायरमन आणला, तो बोर्ड उघडून आत बघून हसला. म्हणाला, मिक्सर लावायचा तर हे चालणार नाही, दोन्ही पायजे तर सगळी वायरिंग काढा. घरमालक वायरिंग काढू देणार नव्हता.

मी मावशींना सांगितलं, राहू द्या, त्यांना नाही म्हणून कळवतो.

मावशी हात पुसत उठल्या. परड्यात गेल्या, तिथे उखळाशेजारी पाटा उभा करून ठेवला होता, मिक्सर आल्यापासून त्याच्यावर कपडे वाळायचे. तो त्यांनी आडवा केला, घासला, आत ओढला, आणि वरवंटा शोधायला मला माळ्यावर चढवलं.

तीसेक माणसांचं वाटण म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. भाजलेलं खोबरं, तीळ, खसखस, कांदा, आलं, लसूण, कोथिंबीर. मिक्सरला ते चार भांडी व्हायचं. पाट्यावर ते मावशींचे दोन तास खायचं, सकाळी आणि परत संध्याकाळी. मी मदतीला बसलो तर म्हणाल्या, "ऊठ. तू वाटतोस ते कालवणात न्हाय, दातात येतंय."

चित्र उतरायला लागलं. पहिल्या दिवशी नुसतं काळं. टर्नर म्हणाला, परदेशात काळ्या भिंतीची टंचाई असंल. दुसऱ्या दिवशी वरून निळ्याची पहिली झालर दिसली. मावशी पाट्यावरून मान वळवून बघायच्या आणि परत वाटायला लागायच्या. मी दुकानातून दर तासाला काहीतरी निमित्त काढून खानावळीत डोकावून जायचो. मालकांनी विचारलं, पोट बिघडलंय का? मी हो म्हणालो. खोटं नव्हतं.

हिशेब असा होता की खंडेनवमीला दुपारी जेवणाच्या सुमारास चित्र पुरं होईल. त्याच दुपारपासून मावशी चार दिवस खानावळ बंद ठेवणार होत्या, दसऱ्याला नेसरीला भावाकडे जायचंय म्हणाल्या होत्या. जाताना मेन स्विच खाली ओढून, कुलूप लावून. जुन्या वायरिंगची त्यांना फार भीती. तोवर सगळं होणार होतं. प्रदर्शनवाल्यांनी दिलेली तारीख त्यापुढे आठवड्याभरानं होती.

खंडेनवमीला आमच्या दुकानातही मशीनची पूजा होती. मालकांनी सगळे कॉम्प्युटर बंद करून पुसून घेतले, हळद-कुंकू वाहिलं, पेढे वाटले. मी दोन पेढे खिशात घालून बाराच्या सुमारास खानावळीत आलो.

माझ्या कॉम्प्युटरला झेंडूचा हार होता. डब्याच्या कपाळावर, म्हणजे जिथे बटण असतं तिथे, कुंकवाचा टिळा. कळफलकावर पानसुपारी. मॉनिटर धुतल्यासारखा लखलखत होता. आणि काळा होता.

"कसं वाटलं?" टर्नर शेजारी उभा. नवा शर्ट, कपाळावर तसाच टिळा. "फडकं मारून झकास केलंय. पडदा तर साबणानं पुसलाय."

"बंद कुणी केलं?"

"मी केलं की. आज मशीन चालवत्यात व्हय? आमच्या लेथला बी आज सुट्टी हाय. तीन दिवस बिचाऱ्याला इसावा न्हाय, मी म्हणलं आजच्या दिवशी तरी..." मग त्यानं माझं तोंड बघितलं. "का रं? परत चालू केलं तर तितनंच पुढं जाईल की. लेथ जातंय."

मी जमिनीवर बसलो. टर्नरनं आधी मला पाणी दिलं, मग कॉम्प्युटरला नमस्कार केला, मग पॉलिटेक्निकवाल्याला शिव्या दिल्या की तू शिकलेला असून मला सांगितलं का न्हाईस. पॉलिटेक्निकवाला म्हणाला, मी आंघोळीला गेलतो. टर्नर इतका रडवेला झाला होता की मला त्याच्यावर चिडताही येईना. हार त्यानं स्वतःच्या हातानं ओवला होता.

मावशी आतून आल्या. गाठोडं बांधून तयार, पांढरं पातळ नेसलेलं. त्यांनी हार बघितला, मला बघितलं.

"किती मागं गेलं?"

"सगळं."

"आता परत लावलंस तर?"

"तीन दिवस तरी. तुम्ही परत आल्यावर लावलं तर तारीख हुकते. पण तुम्ही तर मेन..." मी म्हणालो, "मी थांबतो इथे, मेन चालू राहू द्या, मी हलणार नाही."

"तू?" मावशी म्हणाल्या. "तुला त्या बोर्डातली ठिणगी दिसंल का चित्रातली शेपटी? घर जाळशील आनि वर मला सांगशील, मावशी, जळताना लई छान आकार आला हुता." गाठोडं त्यांनी आत नेऊन ठेवलं. बाहेर आल्या त्या पांढऱ्या पातळाचा पदर खोचूनच. "लाव. आनि तू रं गारगोटी, तो हार काढ, गरम हुतंय ते."

त्या वर्षी दसऱ्याला खानावळ चालू राहिली. पाटा परत परड्यातून आत आला. निम्मी माणसं गावी गेली होती, उरलेल्यांना मावशींनी वाटून वाढलं. माझ्या कॉम्प्युटरपुढे टर्नर स्वतः पहाऱ्याला बसायचा, गारगोटीला गेलाच नाही, आणि कुणी पाणी घ्यायला टाकीपाशी आलं तरी "लांबनं, लांबनं" करायचा. एकदा वीज गेलीच. मी धावत जाऊन पडदा तेवढा बंद केला, म्हणजे यूपीएस जास्त पुरतो. अंधारलेल्या खोलीत सगळे ताटावर, हात तसेच, आणि यूपीएस पींक पींक करतोय. खानावळीत मी तेवढी शांतता परत ऐकली नाही. पींक पींक जलद व्हायला लागल्यावर मावशी दारात जाऊन वीजमंडळाच्या सात पिढ्यांना हाका मारून आल्या. वीज आली. आमच्यात अजून दोन मतं आहेत की ती आपोआप आली की ऐकून आली.

चित्र पुरं झालं. सीडीवर घेतलं, कॅफेत नेलं, चढायला आख्खी दुपार लागली. चार ओळींच्या जागी मी दोनच लिहिल्या. कोल्हापुरात राहतो. लग्नपत्रिका करतो. नववीबद्दल काही विचारलं नव्हतं, मी सांगितलं नाही.

पुढे महिन्यानं त्या गृहस्थांनी फोटो पाठवला. वाचनालयाची भिंत, लांब कोट घातलेली माणसं, भिंतीवर आमचं निळं. खाली पट्टी. मी फोटो मोठा केला, परत मोठा केला. पट्टीवर माझं नाव होतं, स्पेलिंगसकट बरोबर. पत्रिकांमध्ये आमच्या हातून ज्या चुका होतात त्या बघता मला हे फार वाटलं.

मी तो छापून फळ्यावर लावला. निळा असूनही मावशींनी तो काढायला लावला नाही. जवळ जाऊन बघितलं.

"खाली काय लिवलंय?"

मी माझं नाव वाचलं. "आणि कोल्हापूर."

"खानावळीचं?"

"ते नाही."

"मग काय उपेग," असं म्हणून त्या आत गेल्या. त्या दिवशी भाकरी उरल्या की नाही ते मला सांगितलं नाही. टर्नर मात्र येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता की हे झालं ते पूजेमुळं.

मिक्सर परत सुरू झाला आणि पहिल्याच दुपारी पंगतीत कुरकुर उठली. रश्श्याला काय झालं? ती चव कुठे गेली? पाट्यावरचं वाटण आठवडाभर खाऊन माणसं बिघडली होती. दोघं दुसऱ्या खानावळीत जाऊन बघून आले, आणि परत येऊन म्हणाले की मावशी, पाट्यावर वाटता तर आम्ही कुठं जात न्हाय. मावशींनी मला बोलावलं, सगळ्यांदेखत मिक्सर माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "जा, ह्यात तुझं चित्र काढ." तेव्हापासून आजपर्यंत त्या खानावळीत वाटण पाट्यावर होतं. लोक लांबून येतात त्यासाठी. मावशींचा उजवा खांदा आता वर होत नाही, केस विंचरायला शेजारीण येते.

त्या शेजारणीकडूनच मला कळलं, बऱ्याच उशिरा. मी विचारलं होतं, दसऱ्याला त्या वर्षी मावशी भावाकडे गेल्या नाहीत, भाऊ रागावला असेल ना. शेजारीण म्हणाली, भावाकडं कुठली, त्या वर्षी गल्लीतनं गाडी चालली होती नागपूरला, दीक्षाभूमीला. मावशी कधीच गेली नव्हती, खानावळ सोडून कधी जमलंच नाही. पहिल्यांदा नाव घातलं होतं. "शेवटच्या घटकेला म्हणाली, तू जा माझ्या जागेवर, मला काम निघालं. काय काम निघालं हुतं कुणास ठाऊक."

मी लहानपणी दर दसऱ्याला वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला गेलेलो. आमच्याकडून ते काही लांब नाही. मला त्याचं कधी अप्रूपही नव्हतं.

आता मावशी म्हणतात, वय झालं, एवढा प्रवास होत नाही, आणि पंगतीचं कोण बघणार. गेल्या वर्षीही हेच म्हणाल्या. मी मुद्दाम वाद घातला नाही, त्यांच्या हातात उलथनं होतं. पण इथे लिहून ठेवतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. मावशी, एका दसऱ्याला मी तुम्हाला नागपूरला नेणार. वाटेत वाशीमला आमच्या घरी उतरायचं, आई जेवायला घालील, तुम्ही तिच्या वरणाला नावं ठेवायची आणि मी मधे पडणार नाही. मग दीक्षाभूमीवर तुम्हाला जितका वेळ थांबायचं असेल तितका वेळ थांबू, आणि तुम्ही निघू म्हणाल तेव्हाच निघू.